नऊ दुचाक्यांचं पेट्रोल आणि सर्व्हिस कॉलची दुसरी फेरी

धायरीकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात धायरी फाट्याजवळ माझं आरओ (पाणी शुद्ध करायचं मशीन) आणि एसी दुरुस्तीचं दुकान आहे. नऊ टेक्निशियन आहेत. गाड्या त्यांच्या स्वतःच्या, पेट्रोल माझं. पंपावर खातं आहे, स्लिप दिली की पोरं भरून घेतात, महिनाअखेरीला बिल येतं. गेल्या उन्हाळ्यात हे बिल सलग तीन महिने ३२ हजारांच्या पुढे गेलं आणि माझी झोप उडाली. हिशेब सरळ आहे. माणशी रोजचे ६० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, गाडीचं ॲव्हरेज ४५, पेट्रोल १०४ रुपये. नऊ जणांचे मिळून १४,०४० किलोमीटर, ३१२ लिटर, म्हणजे जवळपास साडेबत्तीस हजार.

सगळे मालक करतात तेच मीही आधी केलं. हवा तपासा, रेस करू नका, सिग्नलला गाडी बंद करा. थोडा फरक पडला, पण बिल तिथेच. मग संशय आला की पोरं घरच्या कामाला गाडी फिरवतात. सकाळ-संध्याकाळ मीटरचा फोटो पाठवायला लावला. महिनाभर फोटो तपासले. एकानेही गडबड केली नव्हती. मी त्यांच्यावर उगाच शंका घेतली याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं.

मग कॉल रजिस्टरला एक रकाना वाढवला: ‘ही फेरी कशासाठी?’ एवढंच. महिन्याअखेर बेरीज केली तेव्हा डोळे उघडले. एकूण फेऱ्या १,१६०. त्यातल्या २८७ फेऱ्या त्याच घरी, त्याच तक्रारीसाठी, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा झालेल्या. १३१ वेळा बॅगेत स्पेअर नव्हता. ६८ वेळा घराला कुलूप. ५४ वेळा दोष चुकीचा ओळखला किंवा काम पुन्हा बिघडलं. उरलेल्या ३४ म्हणजे राहिलेली सही, राहिलेले पैसे, कार्ड द्यायचं राहिलं, असल्या.

एक कॉल सांगतो. बावधनमध्ये एका काकूंकडे आरओखालून पाणी ठिबकत होतं. मुलगा गेला, बघितलं, मेंब्रेन हाउसिंगच्या (गाळणीच्या नळकांड्याच्या) तोंडाचा एल्बो, म्हणजे पाइप वळवून जोडायचा तुकडा, चिरलेला. बॅगेत एल्बो होते, पण त्या साइजचा नव्हता. परत आला. दुसऱ्या दिवशी एल्बो घेऊन गेला तर काकू बँकेत. तिसऱ्या दिवशी काम झालं. धायरी ते बावधन जाऊन-येऊन २४ किलोमीटर, तीन फेऱ्यांचे ७२. वीस रुपयांच्या एल्बोसाठी दीडशेच्या वर पेट्रोल गेलं. शिवाय काकूंचा तीन दिवस पाण्याचा खोळंबा आणि त्या मुलाची अर्ध्या दिवसाची कमाई गेली ती वेगळीच.

तेव्हापासून मी गाडीकडे बघणं सोडलं आणि बॅगेकडे बघायला लागलो.

तीन महिन्यांच्या रजिस्टरवरून कुठला स्पेअर किती वेळा लागला ते काढलं. एसव्ही (पाणी चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), ॲडाप्टर, फ्लोट, एफआर (वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आवरणारा भाग), सगळ्या मापांचे एल्बो आणि पुश फिटिंग, लो प्रेशर स्विच, एसीसाठी तीन-चार मापांचे कपॅसिटर आणि रिमोटचे सेल. हा संच प्रत्येक बॅगेत कायम. बॅगेमागे सुमारे ३,२०० रुपयांचा माल अडकला, नऊ बॅगांचे २९ हजार झाले. एका महिन्याचं पेट्रोल बिल मी मालात घातलं असं धरा. संध्याकाळी वापरलेल्या स्पेअरचा फोटो येतो, रात्री तेवढ्याच स्पेअरच्या पुड्या बांधल्या जातात. कोथरूड-वारजे बाजूच्या तिघांसाठी वारज्यातल्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्यांकडे एक कप्पा घेतलाय, म्हणजे त्यांना पुडीसाठी दुकानात यायला नको.

दुसरं, कॉल घेताना चार प्रश्न. हे काम दुकानात बसणारी माझी बहीण करते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बचत तिने केली आहे. आरओ असेल तर: लाइट लागतो का? स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी जोरात येतंय का? मागच्या पाइपमधून वाया जाणारं पाणी वाहतंय का? मशीनवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. एसी असेल तर रिमोट कुठल्या मोडवर आहे आणि बाहेरचं युनिट फिरतंय का. मे महिन्यात ‘एसी थंड करत नाही’ म्हणून आलेले कित्येक कॉल जाळी धुतल्यावर फोनवरच मिटले. त्याचे पैसे मिळाले नाहीत, पण तीच माणसं गॅस भरायला आणि वार्षिक कराराला आमच्याकडेच आली.

तिसरं, वार ठरवले. सोमवार-गुरुवार कोथरूड, वारजे, बावधन. मंगळवार-शुक्रवार सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे. बुधवार-शनिवार कात्रज, बिबवेवाडी, कोंढवा. तातडीचा कॉल अर्थात त्याच दिवशी. पण ‘उद्या आमचा माणूस तुमच्याच भागात आहे, सकाळी पहिला तुमच्याकडे’ असं सांगितलं की बहुतेक लोक आनंदाने थांबतात.

चौथं, सकाळची हजेरी बंद. पोरगा घरून थेट पहिल्या कॉलला. निघण्याआधी फोन: ‘वीस मिनिटांत पोचतो, घरी आहात ना?’

सहा महिन्यांनी परतफेऱ्या २८७ वरून ११० च्या आसपास आल्या. किलोमीटर १४ हजारांवरून १०,३०० वर, बिल २४ हजारांच्या आत. अजून काय करता येईल ते जाणकारांनी सांगावं. आणि कुठे चुकत असेन तर तेही सांगा.

जुना_यंत्री

उत्तम धागा. मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. आमच्याकडे डिझेलचा हिशेब केपीटीएलमध्ये चालायचा, म्हणजे दहा लिटरमागे किती किलोमीटर. चालकागणिक, गाडीगणिक आकडा फळ्यावर लागायचा. त्यातून एक शिकलो: एखाद्या गाडीचा आकडा अचानक पडला की चालकाला बोलण्याआधी गाडी पिटात, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घ्यायची. दहापैकी आठ वेळा ब्रेक घासत असायचा.

दुचाकीचंही तेच. मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा, चाक हाताने फिरवा. एका धक्क्यात दोन-तीन फेरे मोकळे फिरले पाहिजेत. लगेच अडलं तर ब्रेकचा लायनर घासतोय, आणि ते पेट्रोल रोज जळतंय. चेनवाल्या गाडीत चेन कोरडी नको आणि ताणलेलीही नको. हवा सकाळी टायर गार असताना, सीटखालच्या किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर दिलेली तेवढीच. तुमची पोरं मागे अवजारांची बॅग बांधतात, एसीवाले गॅसचा सिलिंडरही नेतात, तेव्हा मागच्या चाकाला दोघं बसल्यावरची हवा भरायची. बरेच जण इथेच चुकतात.

धायरीकर

काका, आजच तीन गाड्या स्टँडवर लावून चाकं फिरवली. एकीचं मागचं चाक अर्ध्या फेऱ्यातच थांबलं. तिचं ॲव्हरेज ३६ पडत होतं आणि तो मुलगा गाडी जोरात हाणतो असं मी धरून चाललो होतो. मनापासून आभार.

वारज्याचा_फिटर

मी मालक नाही, टेक्निशियन आहे. दुसऱ्या एका एजन्सीत. म्हणून दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका.

आमच्याकडे किलोमीटरमागे अडीच रुपये मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण किलोमीटर मोजतात ते पहिल्या कॉलपासून शेवटच्या कॉलपर्यंत. घरून पहिला कॉल १४ किलोमीटरवर असला तरी ते आमचे. अंतर धरतात मॅपवरचं. एकेरी रस्ता, बंद पूल, सोसायटीचं मागचं गेट, हे मॅपवरच्या सरळ आकड्यात येत नाही. आणि अडीच रुपयांत पेट्रोल निघतं, गाडी निघत नाही. मागचा टायर वर्षाला एक जातो. क्लच प्लेट, ऑइल, विमा, पावसात खड्ड्यात वाकलेली रिम, हे सगळं माझ्या पगारातून.

धायरीकर, तुम्ही पेट्रोल वाचवलंत ते योग्य मार्गाने वाचवलंत. बऱ्याच ठिकाणी खर्च कमी करा म्हटलं की दर कापतात. मग पोरगा काय करतो? लांबचा कॉल असला की ‘कस्टमर घरी नाही’ असं टाकून मोकळा होतो. कारण तिथे गेलं की त्याच्या खिशातून जातं. तुमच्या त्या ६८ बंद घरांपैकी काही अशीच असतील.

एक विचारतो. पेट्रोल तुमचं, पण टायर कोणाचा?

लेस्टरवासी

वरचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मी इंग्लंडमध्ये लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत ऑफिसचं काम करते. इथे कामासाठी स्वतःची मोटार वापरली तर करमुक्त भत्त्याचा सरकारी दर २०११ साली मैलामागे ४५ पेन्स ठरला, पहिल्या १०,००० मैलांसाठी, पुढे २५ पेन्स. त्यात पेट्रोलचा वाटा लहान आहे, बाकी सगळं झीज, विमा, सर्व्हिसिंग धरून आहे. गाडी वापरणं म्हणजे फक्त इंधन नाही हे त्या आकड्यातच मान्य केलेलं आहे.

आमच्या इंजिनिअरांच्या व्हॅनमध्येही ठरलेला स्पेअरचा संच असतो, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो, कारण हिवाळ्यात बिघडणारे भाग वेगळे. तुमच्याकडेही उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची बॅग वेगळी असायला हवी ना?

धायरीकर

@वारज्याचा_फिटर, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. टायर पोरांचाच होता. मी कधी विचारच केला नव्हता.

हिशेब मांडला. महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास पेट्रोल वाचतंय. किलोमीटरमागे ५० पैसे झीजभत्ता दिला तर १०,३०० किलोमीटरचे ५,१५० रुपये होतात. तरी तीन हजारांच्या वर उरतात. शिवाय परतफेऱ्या कमी झाल्याने महिन्याला पावणेदोनशे फेऱ्यांचा वेळ मोकळा झाला. त्यातला अर्धा वेळ जरी नव्या पैशाच्या कॉलने भरला तरी ही रक्कम त्यापुढे काहीच नाही. पुढच्या महिन्यापासून ५० पैसे सुरू, आणि मीटर घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत. पोरांना काल सांगितलं.

@लेस्टरवासी, हो, पावसाळ्यात वेगळंच लागतं. गढूळ पाण्याने सेडिमेंट फिल्टर भराभर जातात आणि विजेच्या लपंडावाने ॲडाप्टर जळतात. जूनला बॅग बदलायचं लिहून ठेवलं.

सौरमित्र_जालना

शहरातलं चाललंय, थोडं गावाकडचं सांगतो. मी सौर कृषिपंपांची देखभाल बघतो. पंपांना पाच वर्षांची हमी असते, त्यामुळे शेतकऱ्याने तक्रार केली की जावंच लागतं, आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. जालन्याहून भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या शिवारात जायचं म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. एक फेरी वाया गेली की दिवस गेला.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ‘पंप चालू होऊन बंद पडतो’ अशी तक्रार. मी कंट्रोलर बदलायच्या तयारीने गेलो. तिथे डिस्प्लेवर ड्राय रन, म्हणजे पंप पाण्याविना चालतोय. विहिरीत डोकावलं तर पाणी खाली पंपाच्या तोंडापर्यंत उतरलेलं. पंप ठणठणीत होता, विहीर आटली होती. त्या भाऊंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यांना पंप बिघडलेलाच बरा वाटला असता.

तेव्हापासून मी तक्रार आली की तीन फोटो मागतो: कंट्रोलरचा डिस्प्ले, पॅनेल समोरून, आणि विहिरीत वरून काढलेला. घरात कोणीतरी शिकणारं पोर असतंच, ते पाच मिनिटांत पाठवतं. डिस्प्लेवरचा कोड कळला की निम्मं काम झालं. पॅनेलवर धूळ असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने धुवायला सांगतो. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका हे आवर्जून. केबल उंदराने कुरतडली की रोटाव्हेटरमध्ये आली तेही फोटोत दिसतं.

आणि आमची युक्ती म्हणजे आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पंधरा गावांची माणसं एका जागी येतात. मी सकाळी तिथे बसतो. कनेक्टर, फ्यूज असल्या वस्तू तिथेच देतो, जोडायचं कसं ते दाखवतो, कागदावर सह्या तिथेच होतात. दुपारनंतर त्याच बाजूचे दोन-तीन पंप करतो. पूर्वी या कामाला आठवड्याच्या चार फेऱ्या व्हायच्या.

मार्गशोधक

सॉफ्टवेअरवाला आहे, या विषयावरच काम करतो. गंमत वाटेल, पण अनेक गाड्या कमीत कमी अंतरात सगळीकडे कशा पाठवाव्यात या गणिताचा पहिला गाजलेला शोधनिबंध १९५९ सालचा, डँटझिग आणि रॅम्सर यांचा, आणि तो होता पेट्रोलचे टँकर पंपांवर कसे पाठवावेत याबद्दल! पाच कॉल असतील तर क्रम १२० प्रकारे लावता येतो, आठ असतील तर ४०,३२० प्रकारे. म्हणून दिवसाचे कॉल वाढले की माणसाचा अंदाज चुकायला लागतो.

पण पाच-सहा कॉलसाठी तुम्हाला महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, हे मी स्वतः ते विकत असूनही सांगतो. अमेरिकेत यूपीएस ही पार्सल कंपनी शक्यतो डावीकडे वळत नाही, कारण तिथे वाहनं उजवीकडून चालतात आणि डावं वळण म्हणजे समोरची रांग संपेपर्यंत थांबणं. आपल्याकडे तेच उजव्या वळणाचं. पुण्यासाठी माझा नियम असा: एका दिवसात एका माणसाने मुठा नदी एकदाच ओलांडावी. जाताना एकदा, परत घरी येताना एकदा. हायवेचंही तसंच. बावधन आणि चांदणी चौकाच्या पलीकडचे कॉल एका दमात. नदी, हायवे, रेल्वेलाइन या रेघा नकाशावर लाल पेनाने मारा आणि कॉल वाटताना तेवढंच बघा. अंतराच्या आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

धायरीकर

मुठा एकदाच! हे बहिणीला लगेच सांगितलं. तिने आज भिंतीवरच्या नकाशावर खरोखरच लाल रेघ मारली.

गोदाकाठ

इलेक्ट्रिकचा विषय कोणी काढला नाही म्हणून. नाशिकला आमच्या दोन मुलांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिल्या. १०० किलोमीटरला साधारण तीन युनिट लागतात. युनिटला ११-१२ रुपये धरले तरी किलोमीटरला ३५ पैशांच्या आसपास. पेट्रोलचे सव्वादोन-अडीच रुपये. फरक डोळ्यांत भरणारा आहे.

अडचण चार्जिंगची. दोघंही भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. घरमालक खाली प्लग देईना. शेवटी बॅटरी काढून वर नेता येईल अशी गाडी घेतली आणि त्यांच्या वीजबिलाचा वाटा आम्ही देतो. हे आधी बोलून घ्या, नाहीतर बचत तुमची आणि बिल पोराचं. शिवाय भरलेला गॅस सिलिंडर आणि व्हॅक्यूम पंप घेऊन चढावर रेंज चांगलीच घटते, म्हणून एसीवाल्यांना नाही, आरओवाल्यांना दिल्या.

ताळेबंद

दोन गोष्टी हिशेबातल्या. पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो आपल्या देय करातून वजा होत नाही, जे जळलं ते जळलं. स्पेअरवरच्या जीएसटीचं क्रेडिट नेहमीच्या नोंदणीत मिळतं. म्हणजे पेट्रोलमधला रुपया बॅगेतल्या मालाकडे वळवलात तर तो नुसता वाचत नाही, स्वस्तही पडतो. दुसरं, पंपाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोखीने देऊ नका, तो खर्च आयकरात धरत नाहीत. खात्यातून द्या.

कोथरूड_कर

हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने ॲव्हरेज पडलंय असं आमची सगळी पोरं म्हणतात. त्यावर काही उपाय?

जुना_यंत्री

इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. तो आपल्या हातात नाही. पण नवं ॲव्हरेज काढताना टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर मोजा, तेही तीन वेळा. काट्याच्या अंदाजावर कोणाला बोलू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तेवढं बघून घ्या.

वारज्याचा_फिटर

धायरीकर, तुमची ५० पैशांची पोस्ट मी आमच्या साहेबांना दाखवली. कालपर्यंत उत्तर नव्हतं. आज सकाळी त्यांनी बोलावून घेतलं. दर तोच ठेवलाय, पण किलोमीटर आता घरापासून धरणार, आणि बॅगेतल्या स्पेअरची यादी करायला मलाच सांगितलंय. घरापासूनचे धरले तर माझे दिवसाला वीस-बावीस किलोमीटर वाढतात. माझ्यासाठी ती छोटी गोष्ट नाही.

आमच्याकडे जास्त करून वॉशिंग मशीन आहेत. ड्रेन पंप, इनलेट व्हॉल्व्ह आणि बेल्ट मी धरलेत. कार्ड (मशीनचं सर्किट बोर्ड) तर प्रत्येक मॉडेलचं वेगळं, ते बॅगेत ठेवणं परवडत नाही. कोणी वॉशिंग मशीनवाले असाल तर सांगा, दरवाजाचं लॉक ठेवता का? आणि बेल्टची किती मापं?